यात्रा, प्रदर्शन आणि कारागीर

यात्रा आणि प्रदर्शन हे दोन शब्द आज आपल्या बोलण्यांत शेजारीं शेजारीं नांदत असले, तरी त्यांचीं वयें सारखीं नाहींत. यात्रा देवळाइतकीच जुनी आहे. प्रदर्शन हें पावणेदोनशें वर्षांमागचें अपत्य आहे, आणि तेंही समुद्रापलीकडून आलेलें. हल्लीं हिवाळा लागला कीं नागपूर, पुणें, मुंबई अशा शहरांतून हस्तकलांचे व लोककलांचे जे मेळे भरतात, त्यांत या दोहोंचेंही रक्त आहे. तेथें पैठणीचा माग मांडलेला असतो, वारली चित्रें टांगलेलीं असतात, सावंतवाडीचीं लांकडी फळें व खेळणीं, कोल्हापुरी वहाणा, घोंगड्या, बांबूचें काम असें सगळें एका छताखालीं दिसतें. सुशिक्षित कुटुंबें मुलाबाळांसह जातात, कौतुक करतात, एखादी वस्तु घरीं आणतात आणि आपल्या परंपरेशीं चार घटका संगति झाल्याच्या समाधानांत परततात. त्या समाधानास आमची हरकत नाहीं. परंतु हा मेळा आला कोठून, आणि त्याच्या या दीर्घ प्रवासांत ज्याच्या नांवानें तो भरतो त्या कारागिराचें काय झालें, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो येथें विचारण्याचें योजिलें आहे. त्यासाठीं एखादें मोठें शहर न घेतां बुलढाणा जिल्ह्यांतील हिवरा आश्रम आणि त्याचा शेजार आम्हीं घेतला आहे. कां घेतला, तें वाचकांस पुढें दिसून येईल.

मेहकर तालुक्यांतील हिवरा येथें शुकदास महाराजांनीं गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत विवेकानंद आश्रम स्थापिला. महाराज २०१७ सालीं निवर्तले; परंतु स्वामी विवेकानंदांच्या जयंतीनिमित्त पौषांत भरणारा उत्सव मागें राहिला आहे. या उत्सवांत लाखाच्या घरांत माणसें ओळीनें जमिनीवर बसून पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद घेतात. वऱ्हाडांत या पंक्तीची मोठी ख्याति आहे. आणि जेथें माणसें जमतात तेथें दुकानें लागतात, हा यात्रेचा सनातन नियम येथेंही पाळला जातो. बांगड्या, भांडीं, खेळणीं, शेतीचीं अवजारें, पाट्या, सुपें. त्यांत यंत्राचा माल अर्थातच अधिक. तरी हातानें केलेली वस्तु अजून अगदींच हद्दपार झालेली नाहीं.

एका उत्सवांत बांबूच्या टोपल्या घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईशीं आमचें थोडें बोलणें झालें. शहरांतील मेळ्यालाही ती एकदां जाऊन आली होती. तिथला धंदा बरा कीं इथला, असें आम्हीं विचारतांच ती म्हणाली, “शहरात लोक फोटू काढतात, गुरुजी; इथं ठोकून पाह्यतात.” आणि खरोखरच आमच्यादेखत एका शेतकऱ्याच्या बायकोनें टोपली उलटी करून तिचा बूड दाबून पाहिला, कांठ ओढून पाहिला, विणीतली एक सैल कामटी बोटानें दाखवून दहा रुपये कमी करून घेतले आणि मग टोपली डोक्यावर घेऊन ती निघून गेली. तिनें कलेविषयीं एक शब्दही उच्चारला नाहीं. परंतु त्या टोपलीची याहून अधिक जाणती परीक्षा कोणत्या परीक्षकमंडळानें केली असती असें आम्हांस वाटत नाहीं. माल करणारा व माल वापरणारा हे एकमेकांस ओळखतात, आणि वापरणाऱ्याची नजर करणाऱ्याच्या हाताला वळण लावते, हें यात्रेंतील बाजाराचें मर्म आहे.

आतां शेजारच्या मेहकराकडे पाहूं. आज हा तालुक्याचा गांव शारंगधर बालाजीच्या भव्य मूर्तीसाठीं ओळखला जातो. परंतु एके काळीं त्याचें नांव विणकरांवरून निघे. तेथें हिंदु कोष्टी होते आणि मुसलमान मोमीनही होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लिहिलेल्या सरकारी गॅझेटियरांत अशी नोंद आहे कीं, त्यापूर्वीं सुमारें चारशें वर्षांमागें मेहकरचे मोमीन इतके संपन्न होते कीं गांवाभोंवतीं तट बांधण्याचें काम त्यांनीं आपल्या अंगावर घेतलें आणि तें तडीस नेलें. मोमिनांच्या वेशीवरील शिलालेख त्याची साक्ष देत होता. तट राजानें बांधावा, सरदारानें बांधावा, फार तर एखाद्या सावकारानें त्यास पैसा पुरवावा, अशी आपली समजूत. येथें धोटा चालविणाऱ्या हातांनीं गांवास वेस दिली. कारागिराच्या सुस्थितीचें याहून बोलकें स्मारक आपल्या प्रांतांत विरळाच असेल. पुढें पेंढाऱ्यांच्या धाडी आल्या आणि १८०३ च्या दुष्काळानें गांव बसविलें. तरीही मेहकरच्या धोतरांचा तलमपणा टिकून होता. तो माग शेवटीं धाडींनीं थांबविला नाहीं, दुष्काळानेंही नाहीं. विलायती कापडानें त्या धोतरांचा खप उतरला, असें तेंच गॅझेटियर सांगतें.

हें समजण्यासाठीं जुन्या व्यवस्थेंत कारागिरांचे दोन वर्ग होते हें ध्यानांत घेतलें पाहिजे. पहिला वर्ग बलुतेदारांचा. सुतार, लोहार, कुंभार, चांभार हे गांवाशीं बांधलेले. त्यांनीं वर्षभर कुणब्याची सेवा करावी आणि खळ्यावर आपला वांटा न्यावा. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत या व्यवस्थेचें जें निर्भीड वर्णन केलें आहे, त्यांत तिचे गुण आहेत तसेच तिचे गंजलेले सांधेही उघडे केलेले आहेत. दुसरा वर्ग कोष्टी, साळी, मोमीन, तांबट, रंगारी, जिनगर अशांचा. यांचा माल एका गांवांत खपण्यासारखा नसे. त्यांस पेठ लागे आणि यात्रा लागे. देऊळगांव राजाच्या बालाजीची यात्रा हें अशा मालाचें एक मोठें ठिकाण; स्वतः देऊळगांवांतही रेशमी व सुती कापड विणलें जाई. बुलढाण्याजवळच्या देऊळघाट येथें बऱ्या प्रतीचें पोलाद तयार होत असे, अशीही नोंद जुन्या कागदांत सांपडते. म्हणजे आज ज्या जिल्ह्याकडे आपण केवळ कापूस व सोयाबीन पिकविणारा मुलूख म्हणून पाहतों, त्याच्या हातांत एके काळीं माग होता आणि हातोडाही होता.

हा काळ सुवर्णयुग होता असें मात्र आम्हांस म्हणावयाचें नाहीं. ज्याच्या हातची वहाण पाटील पायांत घाली, त्याला पाटलाच्या ओट्यावर पाय ठेवतां येत नसे. कसब जातीबरोबर जन्मास येई आणि जातीबरोबरच अडकून पडे. भूतकाळाची आरती ओवाळतांना ज्यांच्या घामावर तो उभा होता त्यांस विसरणें हा आपल्या वर्गाचा एक जुना दोष आहे. असें असूनही एक गोष्ट खरी कीं, त्या व्यवस्थेंत कारागीर गरजेचा होता. तो शोभेची वस्तु झाला नव्हता.

तो शोभेची वस्तु होण्यास आरंभ झाला १८५१ सालीं, लंडन शहरीं. त्या वर्षीं हाइड पार्कांत काचेचा एक विशाल महाल उभारून जगांतील उद्योगधंद्यांचें पहिलें महाप्रदर्शन भरविण्यांत आलें. सुमारें साठ लक्ष वेळां लोकांनीं त्याचा उंबरठा ओलांडला. ईस्ट इंडिया कंपनीनें मांडलेला हिंदुस्थानी विभाग पाहून तेथील जाणते लोक थक्क झाले. रंगांची जुळणी, नक्षीचा संयम, पृष्ठभागाची सजावट यांत यंत्रयुगांतील युरोपानें हिंदुस्थानापासून धडे घ्यावेत, असें ओवेन जोन्ससारखे कलामर्मज्ञ लिहूं लागले. आपल्या कारागिराच्या हातास मिळालेली ही दाद मनापासूनची होती याबद्दल शंका नाहीं. पण ज्या काचेच्या महालांत ही दाद मिळत होती, त्याच्याच दुसऱ्या अंगास वाफेवर चालणारे माग धडधडत होते.

दाद आणि घाव हे पुढेंही असेच हातांत हात घालून चालले. जॉन फोर्ब्स वॉटसन या गृहस्थानें १८६६ सालीं हिंदुस्थानी कापडाचे सातशें नमुने अठरा खंडांत चिकटवून त्यांचे वीस संच तयार केले. त्यांतील तेरा संच ब्रिटनमध्यें ठेवले गेले, सात हिंदुस्थानास आले. धोतर कसें नेसतात, पागोटें किती हात लागतें, लुगड्याचा कांठ कोठें येतो, पदर कोठें पडतो, ही सारी माहिती त्यांत व्यवस्थित नमूद आहे. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यास हिंदी गिऱ्हाइकाची आवड कळावी आणि त्याबरहुकूम माल काढतां यावा, हा त्याचा उघड हेतु होता. मोठ्या मेहनतीनें केलेला हा संग्रह आज वस्त्रांच्या अभ्यासकास अमोल वाटतो. विणकराच्या दृष्टीनें पाहिलें तर ती त्याच्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हातीं देण्यासारखी गोष्ट होती.

आपल्या प्रांतांतही प्रदर्शनाचें पाऊल याच सुमारास पडलें. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्या पुरस्कारानें डिसेंबर १८६५ मध्यें नागपुरास कलाकौशल्याचें व उत्पन्नाच्या जिनसांचें एक मोठें प्रदर्शन भरलें. त्याच्या व्यवस्थेंत रिव्हेट-कार्नक नांवाचे एक तरुण अधिकारी होते. हेच गृहस्थ पुढें मध्यप्रांत व वऱ्हाड यांचे कापूस-कमिशनर झाले. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें लँकशायरला कापसाचा तुटवडा पडला होता, आणि १८५३ पासून इंग्रजी कारभाराखालीं आलेल्या वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीकडे साऱ्या गिरणीवाल्यांचे डोळे लागले होते. या रिव्हेट-कार्नक साहेबांनीं आपल्या अहवालांत कसलाही आडपडदा न ठेवतां लिहून ठेविलें आहे कीं, या मुलखांत आगगाडीचा फांटा नेला तर विलायती कापड येथील कापडापेक्षां स्वस्त विकतां येईल. मग येथें सुतासाठीं खर्ची पडणारा कापूस बाहेर पाठवितां येईल, आणि कांतणें-विणणें यांत गुंतलेली माणसें शेतमजुरीस मोकळीं होऊन पडीत रानें लागवडीखालीं आणतां येतील. ज्यांनीं प्रदर्शनांत विणकराच्या मालास मांडणी दिली, त्यांनींच त्या विणकराचा मजूर कसा करावा याचा हिशेबही मांडला. यांत आम्हांस वैयक्तिक दुष्टावा दिसत नाहीं. साम्राज्याच्या दप्तरांत या दोन्ही गोष्टी निरनिराळ्या रकान्यांत पडत, आणि ते रकाने एकमेकांशीं ताडून पाहण्याची कोणास गरज वाटत नसे, इतकेंच.

हिशेब बरोबर निघाला. १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली. १८७० सालीं गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो यांनीं स्वतः येऊन खामगांवचा फांटा सुरू केला. खामगांवची कापसाची पेठ जगाच्या बाजारांत गाजूं लागली. गांठी गेल्या आणि ठाण आले. मेहकरच्या ज्या तलम धोतरांचा वर उल्लेख केला, त्यांचा खप उतरला तो याच दिवसांत. त्या धोतरांचा दर्जा घसरला म्हणून गिऱ्हाईक तुटलें, असें कोणीही म्हटलेलें नाहीं.

यानंतर एक चमत्कारिक गोष्ट घडली. कारागीर गरजेचा उरेनासा झाला, त्याच वेळीं तो रमणीय वाटूं लागला. आपल्या बेळगांवांत जन्मलेल्या जॉर्ज बर्डवूड यांनीं १८८० सालीं हिंदुस्थानच्या औद्योगिक कलांवर ग्रंथ लिहिला आणि गांवच्या वेशींत चाक फिरविणाऱ्या कुंभाराचें, गल्लींत ताणा लावणाऱ्या विणकराचें मनोहर चित्र इंग्रजी वाचकांपुढें उभें केलें. मुंबईच्या कलाशाळेंतील जॉन लॉकवूड किपलिंग यांनीं गांवोगांव हिंडून कारागिरांचीं उत्तम रेखाचित्रें काढलीं. या लोकांचें प्रेम खरें होतें, आणि आपल्या कलांविषयीं आपल्याआधीं आस्थेनें लिहिल्याबद्दल त्यांचें ऋण मान्य केलें पाहिजे. परंतु त्या चित्रांतील कुंभार कधीं महाग मातीबद्दल बोलत नाहीं, विणकर कधीं सुताच्या भावाबद्दल तक्रार करीत नाहीं.

१८८६ सालीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्यें वसाहतींचें व हिंदुस्थानचें प्रदर्शन भरलें तेव्हां या दृष्टीचा कळस झाला. तेथें वस्तूंबरोबर कारागीरही मांडण्यांत आले. तीसहून अधिक माणसें आपापलीं कामें करीत बसत आणि प्रेक्षक त्यांच्याभोंवतीं गोळा होत. वंशपरंपरेनें कला जोपासणारे म्हणून जे दाखविले जात, त्यांतील बहुतेक आग्र्याच्या तुरुंगांत काम शिकलेले होते, हें प्रेक्षकांपैकीं किती जणांस ठाऊक असेल? बक्षीराम नांवाच्या एका अतिवृद्ध कुंभाराचें तर राणीच्या आज्ञेवरून रुडोल्फ स्वोबोडा या चित्रकारानें तैलचित्र काढलें. चित्र राजवाड्यांत अजून आहे. मेळ्यांत समोर माग किंवा चाक मांडून कारागिरास बसविण्याची जी पद्धत आज आपण अगदीं आपली समजतों, तिचें मूळ असें इतकें जवळचें आणि इतकें अवघड जागचें आहे.

येथें आम्ही पुन्हां हिवरा आश्रमाच्या नांवाकडे वळतों. ज्या महापुरुषाच्या नांवानें तो आश्रम उभा आहे, त्याची जगभर कीर्ति झाली तीही एका प्रदर्शनाच्या छायेंतच. १८९३ सालच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या अनुषंगानें जी सर्वधर्मपरिषद भरली, तिच्यांत सप्टेंबरांत स्वामी विवेकानंदांचें व्याख्यान झालें, हें सर्वश्रुत आहे. परंतु त्यापूर्वीं, २० ऑगस्ट १८९३ रोजीं मद्रासच्या आपल्या एका शिष्यास लिहिलेल्या पत्रांत स्वामीजींनीं प्रदर्शनांतील एक मासलेवाईक हकीकत दिली आहे, आणि तिच्यांत एक मराठी माणूस आहे. हा धोतर नेसलेला विक्षिप्त महाराष्ट्रीय ब्राह्मण तेथें नखचित्रें विकीत होता. नखांच्या दाबानें कोऱ्या कागदावर उठाव आणून चित्र काढावयाचें, शाई नाहीं कीं कुंचला नाहीं, अशी ही आपल्याकडची नाजूक कला. त्याच प्रदर्शनास कपूरथळ्याचे महाराज आलेले होते आणि शिकागोच्या बड्या समाजांत त्यांचा मोठा बोलबाला चालला होता. या नखचित्रकारानें वार्ताहरांस गांठून महाराजांविषयीं व एकंदर राजेलोकांविषयीं वाटेल तें सांगितलें. राजे म्हणजे गुलाम, असें बजाविलें. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांतून रकानेच्या रकाने छापून आले. मात्र तीं वाक्यें हिंदुस्थानांतून आलेल्या एका ज्ञानी पुरुषाच्या, म्हणजे स्वामीजींच्या, तोंडीं घालण्यांत आलीं होतीं!

स्वामीजींनीं ही गोष्ट विनोदानें सांगितली आहे. आम्हांस तिच्यांत कारागिराच्या साऱ्या इतिहासाचें सार दिसतें. त्या भल्यामोठ्या प्रदर्शनांत तो नखचित्रकार स्वतःच्या पायांवर गेला होता, कोणी त्याला मांडला नव्हता. त्याला हात होते तसें तोंडही होतें आणि मतही होतें. पण त्याचे शब्द छापून आले ते दुसऱ्याच्या नांवावर. त्याचें नांव काय, तो कोणत्या गांवचा, हें त्या पत्रांत नाहीं.

इकडे महाराष्ट्रांत याच सुमारास प्रदर्शनाचें हत्यार उलटें फिरविण्याचा प्रयत्न सुरू झालेला होता. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी हे १८७७ च्या दिल्ली दरबारास हातानें कांतलेल्या सुताचीं जाडीं वस्त्रें नेसून गेले होते. तेंही एक प्रदर्शनच म्हटलें पाहिजे, आणि त्यांत मांडलेली वस्तु एकच होती, स्वतः काका. न्यायमूर्ति रानड्यांनीं १८९० सालीं पुण्यास औद्योगिक परिषद भरविली. त्याच वर्षीं सयाजीराव गायकवाडांनीं बडोद्यास कलाभवन काढलें. १९०१ पासून राष्ट्रसभेच्या अधिवेशनास जोडून औद्योगिक प्रदर्शन भरविण्याचा प्रघात पडला, आणि १९०२ सालीं अहमदाबादचें प्रदर्शन सयाजीरावांच्याच हस्तें उघडलें. रानडे काय किंवा सयाजीराव काय, दोघांचीही दृष्टि जुन्या कारागिरीच्या गौरवापेक्षां नव्या कारखानदारीकडे अधिक होती. देश दरिद्री कां, या प्रश्नाचें उत्तर त्यांस यंत्रविद्येंत दिसत होतें, आणि तें चुकीचें होतें असें आज कोण म्हणेल? परंतु या उत्तरांत मेहकरच्या कोष्ट्याला जागा नव्हती. स्वदेशी गिरणी निघाली काय कीं विलायती चालली काय, त्याचा माग बंद पडावयाचा तो पडलाच.

त्याला जागा करून देण्याचा पहिला मोठा प्रयत्न आमच्या या मुलखाच्या अगदीं शेजारीं झाला. डिसेंबर १९३६ मध्यें खानदेशांतील फैजपूर येथें राष्ट्रसभेचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें हें पहिलेंच अधिवेशन. गांधीजींच्या आग्रहावरून मंडप, वेशी, सजावट हें सर्व बांबू, लांकूड, चटया अशा स्थानिक सामानांतून उभें करण्यांत आलें, आणि तें काम शांतिनिकेतनाचे थोर चित्रकार नंदलाल बोस यांनीं केलें. खादी व ग्रामोद्योगांचें प्रदर्शन स्वतः गांधीजींनीं उघडलें. या प्रदर्शनाची कल्पना लंडनच्या कल्पनेहून मुळांतच निराळी होती. येथें पाहणारा खेडूत होता आणि दाखविणाराही खेडूत होता. वस्तु किती सुंदर यापेक्षां ती करावयाची कशी, तिच्यांत मजुरी किती सुटते, घाणी, चरखा, हातकागद यांत सुधारणा कशी करतां येईल, हें शिकविण्याचा तो प्रयत्न होता. १९३४ सालीं वर्ध्यास स्थापन झालेला ग्रामोद्योग संघ, त्यांतील कुमारप्पांचें हिशेबी अर्थशास्त्र, आणि १९३८ सालीं तेथेंच उघडलेलें मगन संग्रहालय हीं त्याच विचाराचीं अंगें. त्यांतील कित्येक आशा फळाला आल्या नाहींत हें खरें. तरी प्रदर्शनाचा प्रश्न त्यांनीं बदलला. ‘हें कोणी पाहिलें?’ या जुन्या प्रश्नाच्या जागीं ‘यानें कोणाचें पोट भरलें?’ हा प्रश्न त्यांनीं आणून बसविला.

स्वातंत्र्यानंतर १९५२ सालीं अखिल भारतीय हस्तकला मंडळ निघालें आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या रूपानें त्यास असामान्य नेतृत्व लाभलें. मरणपंथास लागलेल्या कित्येक कला त्यांनीं शोधून काढल्या, कारागिरांच्या सहकारी संस्था काढविल्या, विक्रीचीं दुकानें उघडविलीं. आज आपण पाहतों ते मेळे बव्हंशीं त्या प्रयत्नांचेच वंशज आहेत. १९८६ सालीं नागपुरास दक्षिण-मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र स्थापन झालें. त्याच्या आंगणांत भरणारा हस्तकला मेळा विदर्भांतील वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. मूळ मंडळ मात्र २०२० सालीं केंद्रसरकारनें विसर्जित केलें.

या नव्या पर्वांतील सर्वांत नांवाजलेली कथा वारली चित्रांची. लग्नघरांत सवाशिणींनीं तांदळाच्या पिठानें भिंतीवर चौक लिहावा, त्यांत पालघट देवीची स्थापना व्हावी, आणि लग्न झालें कीं त्या चित्राचें काम संपावें, अशी ती मूळची रीत. १९७० नंतर मुंबईच्या विणकर सेवा केंद्रांतील भास्कर कुलकर्णी हे डहाणूच्या बाजूस गेले, त्यांनीं चित्रास कागद दिला, आणि जिव्या सोमा मशे यांचा अलौकिक हात जगास दिसला. मशे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते निवर्तले. भिंतीवरचें लग्नाचें चित्र कागदावर येतांच ब्रश प्रामुख्यानें पुरुषांच्या हातीं गेला, विधि मागें पडला, आणि चित्रकार जन्मास आला. यांत कांहीं गमावलें आणि पुष्कळ कमावलें. १८८६ च्या बक्षीरामापेक्षां मशे यांची स्थिति एका बाबतींत फार वेगळी होती: चित्राखालीं त्यांचें स्वतःचें नांव होतें.

नांवाचा हा प्रश्न आतां कायद्यानेंही ओळखला आहे. पैठणीस २०१० सालीं, वारली चित्रकलेस २०१४ सालीं आणि कोल्हापुरी वहाणेस २०१९ सालीं भौगोलिक उपदर्शन मिळालें. असें असूनही जून २०२५ मध्यें मिलान येथील एका विख्यात पेढीच्या फॅशनप्रदर्शनांत कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला प्रथम तिच्या नांवाशिवायच झळकल्या. इकडे गवगवा झाल्यावर पेढीनें त्या घाटाचें मूळ मान्य केलें. १८६६ चे नमुन्यांचे खंड आणि २०२५ चा हा प्रकार यांत दीडशें वर्षांहून अधिक अंतर आहे. या वेळीं कोल्हापूरच्या कारागिरांनीं स्वतः तोंड उघडलें आणि तें ऐकलें गेलें, एवढी प्रगति मात्र मान्य केली पाहिजे.

तथापि गौरवाचे आंकडे आणि पोटाचे आंकडे अजून जुळत नाहींत. देशांतील हातमागधंद्यांत २००९-१० च्या गणतीप्रमाणें सुमारें ४३ लाख माणसें होतीं. २०१९-२० च्या गणतींत तीं ३५ लाखांवर आलीं. त्यांतील सुमारें ७२ टक्के स्त्रिया आहेत. विणकर कुटुंबांपैकीं जवळजवळ दोनतृतीयांश कुटुंबांची मासिक प्राप्ति पांच हजार रुपयांहून कमी आहे. याच दहा वर्षांत मेळे वाढले, पारितोषिकें वाढलीं, हातकामाविषयीं लेख व चित्रफिती वाढल्या. मागावरचीं माणसें घटलीं. ज्याची आई माग चालवून महिना पांच हजार मिळवीत नाहीं, त्या मुलानें परंपरा राखण्यासाठीं मागावर बसावें असा उपदेश करण्याचा अधिकार कोणास आहे? तो शहरांत दुसरें काम धरतो यांत कलेचा द्रोह नाहीं.

मग मेळ्यांस जाऊं नये काय? आमचें म्हणणें उलट आहे. जावें, परंतु यात्रेकरूच्या नजरेनें जावें. टोपली ठोकून पाहावी, कांठ ओढून पाहावा, पोत बोटांनीं चाचपावा. ही वस्तु कोणीं केली, आणि समोर बसलेला मनुष्य करणारा आहे कीं केवळ विकणारा, हें विचारावें. तिला दिवस किती लागले व त्या दिवसांची मजुरी या किंमतींत निघते कीं नाहीं, याचा मनांतल्या मनांत हिशेब करावा. आणि घरीं आणलेली वस्तु भिंतीवर टांगण्यापेक्षां वापरावी, म्हणजे ती झिजेल आणि पुन्हां घ्यावी लागेल. घासाघीस करण्यासही आमची ना नाहीं. सैल कामटी दाखवून कमी केलेले दहा रुपये हा त्या बाईचा अपमान नव्हता, ती तिच्या कामाची पारख होती. अपमान होतो तो वस्तूकडे न पाहतां, गरिबाची वस्तु म्हणून किंमत पाडून मागितली तेव्हां.

मेहकरच्या विणकरांनीं गांवास वेस बांधून दिली तेव्हां त्यांच्या कलेवर कोणीं ग्रंथ लिहिल्याचें ऐकिवांत नाहीं. त्यांची धोतरें नेसणारे लोक होते, आणि त्या धोतरांतून घर चालून वर गांवासाठीं दगड-चुना घेण्याइतकें उरत होतें. कोणत्याही कलेची प्रकृति तपासावयाची असेल तर आमच्या मतें हेंच माप लावावें. आजचा एखादा विणकर, बुरूड किंवा वहाणा शिवणारा आपल्या धंद्यांतून आपल्या गांवीं निदान स्वतःचें घर पक्कें बांधूं शकतो काय, आणि त्या घरांतील मुलगी किंवा मुलगा, दुसरें काम मिळत असतांनाही, तोच धंदा आपण होऊन पत्करतो काय? ज्या कलेपुरतें याचें उत्तर होकारार्थी येईल, तिच्यासाठीं मेळा भरो वा न भरो, काळजीचें कारण नाहीं.